हौसा फितली

हौसा आत्याला मिशा आल्या त्या पनवेलला, सबनीस सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये, आणि त्या आणल्या तिच्या सख्ख्या भाचीनं. नुसत्या मिशा नव्हेत, डोळ्यापासून हनुवटीपर्यंत तलवारीचा वार, डोक्यावर लोखंडी टोप आणि हाताखाली आठ बंदूकवाले. बेलपाड्याच्या ओटीवर तांदूळ पाखडत बसलेल्या आत्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर तिनं एवढंच विचारलं असतं, की आठच का.

सत्त्याण्णव साल होतं. सरांचा क्लास एसटी स्टँडसमोर मिठाईच्या दुकानावर होता. खाली जिलब्या, वर कॉम्प्युटर. चपला बाहेर काढूनच आत जायचं, कारण धुळीनं कॉम्प्युटर बिघडतो यावर तेव्हा लोकांची देवाइतकी श्रद्धा होती. आठवडाभर टायपिंग आणि अकाउंट्स शिकायचं, आणि शनिवारी दुपारी सर भिंतीकडच्या मशीनवर लढाईचा खेळ लावू द्यायचे.

खेळ साधा दिसायचा. आपल्या सहा टुकड्या, शत्रूच्या सहा, प्रत्येक टुकडीला एक नायक. आळीपाळीनं टुकड्या सरकवायच्या, टेकडी घ्यायची, पूल राखायचा. गोम पुढे होती. शिपाई नायकाचं ऐकायचे, आणि नायकांना स्वभाव होते. एखाद्या दमलेल्या नायकाला पुन्हा पुढे लोटलं, किंवा लढला हा आणि पदक दिलं दुसऱ्याला, की तो मनात धरायचा. मनात धरलेला नायक कधीतरी अख्खी टुकडी घेऊन शत्रूला मिळायचा. निळे शिपाई डोळ्यांदेखत लाल व्हायचे आणि तुमच्याकडेच बंदुका वळवायचे. सीडी मुंबईहून कुणीतरी आणलेली, बरोबर माहितीपुस्तक नाही. कुणाचं काय बिनसलं ते ज्याचं त्यानं ओळखायचं.

सत्यजीतला ते कधीच ओळखता यायचं नाही. नवीन पनवेलच्या सिडको कॉलनीतला मुलगा, वडील बँकेत, इंजिनिअरिंगची सीट थोडक्यात हुकलेली, आणि ती हुकल्याचं घरात रोज जेवताना ताटात वाढलं जायचं. माऊसवर त्याचा हात विजेसारखा चालायचा. पण तिसऱ्या-चौथ्या लढाईत त्याचे दोन-तीन नायक हटकून फितायचे, आणि मग तो टेबलावर मूठ आपटायचा. बाजूच्या मशीनवर दिपिका भोईर टायपिंग करत असायची. एका शनिवारी तिच्यानं राहवलं नाही.

"अरे, त्याला पदक कशाला दिलंस? त्यानं टेकडी घेतली, सगळ्यांनी बघितली. त्याचं झालं. जो मागे पूल धरून बसला होता, त्याला दे."

"त्यानं काय केलं? तो तर हललाही नाही."

"म्हणूनच."

त्यानं चिडून दिलं, आणि त्या दिवशी कुणी फितलं नाही. तेव्हापासून ही जोडी जमली: टुकड्या त्याच्याकडे, नायक तिच्याकडे. नायकांना इंग्रजी नावं होती, ती बदलता यायची. दिपिकानं स्वतःच्या आळीतल्या बायकांची घातली. वेणू, कुमुद, नीता, आणि सगळ्यांत दणकट, वार खाल्लेला, मिशाळ जो होता, त्याचं नाव हौसा. सत्यजीत हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला.

आता ही अक्कल दिपिकाकडे कुठून आली, तर हौसा आत्याकडून. हौसा धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणारी बाई बसल्याशिवाय एकही विधी पुढे सरकत नाही. हौसा गायची तर खरीच, पण तिचं खरं काम गाण्याच्या पलीकडचं होतं. लग्नघरात आळीतल्या झाडून साऱ्या बायका जमायच्या आणि प्रत्येकीचा एक रुसवा तयार असायचा. हिला दिवा धरायला सांगितलं नाही, तिला हळद दळायला बोलावलं पण मागून बोलावलं. हौसा कुणाचीच समजूत काढत बसायची नाही. दोन भांडलेल्या बायका असल्या की त्यांना एकाच जात्यावर बसवायची. एक खुंटा, चार हात. फिरवायचं तर मिळून फिरवावं लागतं. पीठ पडायला लागलं की भांडण सुटायचं. दिपिका लहानपणापासून आत्याच्या पदराला धरून हे बघत आली होती. खेळात कुमुद आणि नीता या दोन नायकांचं पटेना, तर तिनं दोघांना एकाच भिंतीआड ठेवलं, एकाची पाठ दुसऱ्यानं राखायची अशा बेतानं. चार डावांत दोघं सख्खे भाऊ झाले.

आणि एक गोष्ट तिनं सत्यजीतला पुन्हा पुन्हा सांगितली होती. हुकूम दिला की नायक उत्तर द्यायचे. कुणी "येस सर" म्हणायचा, कुणी इंग्रजीत काहीबाही कुरकुरायचा. सत्यजीतला कुरकुरणाऱ्यांची भीती वाटायची. दिपिका म्हणायची, "कुरकुरतो तो कुठे जात नाही. आत्या म्हणते, रुसलेली बाय परत येते, गप झालेली नाय येत. उत्तर आलं नाही की समज, गेला." आणि ते अक्षरशः खरं होतं. फितायच्या आधी नायक उत्तर देणं बंद करायचा. लागोपाठ दोन हुकमांना तो गप्प राहिला की तिसऱ्याला टुकडी लाल.

"म्हणजे पहिल्यांदा गप्प झाला की लगेच मागे घ्यायचा?"

"मागे घ्यायचा, एक डाव विसावा द्यायचा, आणि पुढचं पदक त्याचं. मानानं बोलवायचं, म्हणजे येतो."

सत्यजीत अशा वेळी फार लक्ष देऊन ऐकायचा. शिकणारा शिष्य मिळाला की शिकवणाऱ्याला ब्रह्मानंद होतो, तसं दिपिकाचं व्हायचं.

फेब्रुवारीत सरांनी दोन बातम्या एकदम सांगितल्या. वाशीला सगळ्या क्लासेसची मिळून याच खेळाची स्पर्धा होती. आपापल्या टुकड्या फ्लॉपीवर घेऊन जायच्या, जोडीनं खेळायचं. एकानं माऊस धरायचा, दुसऱ्यानं मागे उभं राहून सांगायचं. आपल्याकडून हे दोघं जाणार. दुसरी बातमी अशी की क्लासची सकाळची नवी बॅच सुरू होत होती आणि तिला शिकवणारं माणूस हवं होतं. "जागा एकच आहे," सर म्हणाले. "तुम्हा दोघांपैकी एकाला घेणार. दिपिका, तुझा विचार आधी. शिकवायला धीर लागतो, तो तुझ्याकडे आहे."

दिपिकानं मनात लगेच महिने मोजले. तिचा कोर्स मे महिन्यात संपत होता आणि मेनंतर काय, ते घरात ठरलेलं होतं. तिचे वडील आनंदा भोईर वाईट माणूस नव्हते. "शिकायचं म्हनलीस, शिकवली. आता पोरगा बघू," एवढंच त्यांचं म्हणणं. पण एकदा ओटीवर बसून विडी विझवता विझवता ते असंही बोलून गेले होते, "नोकरीच लागली कुठं, तर मंग दोन वर्सं थांबू. नोकरीवाली पोर कोन घाईनं उजवतो?" ते वाक्य दिपिकानं गाठीला बांधून ठेवलं होतं. ती एक जागा मिळाली की दोन वर्षं तिची होती.

"तूच घे," सत्यजीत जिना उतरताना म्हणाला. "मला चालेल."

त्यानंतर तो जरा कमी बोलायला लागला. दिपिकाला वाटलं, स्पर्धेचा ताण असेल. खेळातल्या नायकानं एका हुकमाला उत्तर दिलं नाही की ती ताठ होऊन बसायची, आणि शेजारच्या खुर्चीवरचा माणूस आठ-आठ दिवस मूग गिळून बसला तरी तिला काही वाटलं नाही. आपल्या माणसावर कोण पहारा ठेवतो?

स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात वेणूचं लग्न आलं. वेणू तिची चुलत बहीण. हळदीला दिपिकानं सत्यजीतला बोलावलं आणि तो आला. आगऱ्यांची हळद म्हणजे काय, हे सिडको कॉलनीतल्या माणसाला सांगून कळायचं नाही. अंगणात मांडव, बँजोपार्टी, मटणाचे टोप, आणि हळद नवरीला लागते त्याच्या दसपट बाकीच्यांना. दिपिका कोपरापर्यंत पिवळी झाली होती, गळा पिवळा, कानामागे पिवळं. दुपारी कासार येऊन घरातल्या सगळ्या बायकांना हिरवा चुडा भरून गेला होता, तिलाही. सत्यजीतच्या पांढऱ्या शर्टावर पोरींनी पंजे उठवले. हौसा आत्यानं त्याला स्वतः समोर बसून वाढलं, गाता गाता उठून आली.

"आत्या, तुम्ही खेळात फार शूर आहात," तो म्हणाला.

"कंच्या खेलात?" आत्या म्हणाली आणि आणखी एक भाकरी टाकून गेली. नंतर भांडी गोळा करताना तिनं दिपिकाला सहज विचारलं, "पोरगा चांगला हाय गो. पन आज बोलना का?"

"लाजतो तो."

"हां," आत्या म्हणाली, आणि पुढच्या धवल्याला लागली.

लग्न उरकून दोन दिवसांनी दिपिका क्लासला गेली ती तशीच पिवळी, हातात तशाच बांगड्या. बेलपाड्यात त्या आठवड्यात निम्म्या बायका तशाच होत्या. दिपिकाला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही. सर काचेच्या केबिनमधून तिच्या हातांकडे बघत होते, तेही तिच्या ध्यानात आलं नाही.

रविवारी ती बेलपाड्याहून हायवेला येऊन परस्पर बसनं वाशीला गेली. हॉलमध्ये सर आणि सत्यजीत आधीच पोहोचले होते. सरांनी तिला बघताच हसून दोन्ही हात जोडले.

"अभिनंदन! आम्हाला सांगायचं तरी."

"काय, सर?"

"आता लपवतेस काय? हातच्या कांकणाला आरसा कशाला?" त्यांनी तिच्या चुड्याकडे बोट दाखवलं. "हरकत नाही, चांगली गोष्ट आहे. सकाळच्या बॅचचं मी सत्यजीतला सांगून टाकलंय, उद्यापासून येतोय तो. तू आजची स्पर्धा खेळून घे मनसोक्त. पेढे द्यायला मात्र ये हो."

दिपिकाला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि तिला हसू आलं, कारण एवढी साधी चूक, एका वाक्यात सुटणारी. "सर, माझं नाही हो लग्न! वेणूचं होतं, माझ्या बहिणीचं. आमच्यात सगळ्यांनाच लावतात हळद. सत्यजीतला विचारा, तो आला होता."

"त्यालाच तर विचारलं," सर म्हणाले. "चहा पिताना मी म्हटलं, दिपिकाला हळद लागली का रे? तो म्हणाला, हो सर, परवाच हळद झाली, मी गेलो होतो. मी म्हटलं, मग आता ही काही नोकरीला येत नाही. तर तो काही बोलला नाही."

सत्यजीत फ्लॉपी हातात घेऊन उभा होता आणि फ्लॉपीवरचं लेबल नखानं खरवडत होता. दिपिकानं त्याच्याकडे बघितलं. त्यानं वर बघितलं नाही. हाच माणूस मांडवात बसून आत्याच्या हातचं जेवला होता. हळद कोणाला, नवरी कोण, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. वेणूच्या कपाळी मुंडावळ्या बघून "मस्त दिसतेय" म्हणाला होता. केसानं गळा कापला म्हणतात, तो असा. सुरी दिसत नाही, रक्त दिसत नाही आणि कापणारा म्हणतो मी तर काही केलंच नाही.

आणि त्यानं तेच म्हटलं. "मी खोटं काही बोललो नाही."

"सर, पण आता तुम्हाला कळलं ना?" दिपिका सरांकडे वळली.

सर अवघडले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "अगं, कळलं, पण आता मी शब्द दिलाय त्याला. त्याच्या वडिलांशीही बोलणं झालं. आणि असं बघ, आज नाही तर पुढेमागे ठरेलच ना तुझं. मधेच बॅच सोडून गेलीस तर मी काय करू?"

शत्रू असता तर भांडता आलं असतं. हे दोघंही तिची माणसं होती. तिला वाटलं होतं की सरांनी आपला धीर बघितला आणि सत्यजीतनं आपली अक्कल. दोघांनी बघितले होते फक्त पिवळे हात.

ती घरी निघूनच जाणार होती. पण नावं पुकारली गेली, सरांनी "चल चल" केलं, आणि ती सत्यजीतच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. समोर ठाण्याच्या एका क्लासची जोडी होती. खेळ सुरू झाला आणि पडद्यावर वेणू, कुमुद, नीता, हौसा रांगेनं उभे राहिले. तिनं वर्षभर सांभाळलेली माणसं.

सत्यजीत सुरुवातीला फार छान खेळला. हात तर होताच, आणि तिनं शिकवलेलं सगळं त्याला पाठ होतं. टेकडी घेतली. मग पूल. पुलासाठी त्यानं हौसाला पुढे घातलं, पुन्हा घातलं, पुन्हा घातलं. पूल मिळाला. पदक कुणाला, असा प्रश्न पडद्यावर आला तेव्हा त्यानं घाईत वेणूला दिलं, टेकडी घेतली म्हणून. मग हौसाला पुन्हा हुकूम दिला.

उत्तर आलं नाही.

हॉलमध्ये गलका होता. त्या गलक्यात एक न आलेला आवाज फक्त दिपिकाला ऐकू आला. तिचं तोंड सवयीनं उघडलं आणि तिनं ते मिटलं. सत्यजीतनं पुढचा हुकूम दिला. हौसा पुन्हा गप्प. आता त्याचा हात थांबला. ठाण्याची जोडी पलीकडे टेकून वाट बघत होती. सत्यजीतनं मान वळवली.

"दिपिका, हौसा बोलत नाहीये."

तिनं नुसतं बघितलं.

"मागे घेऊ का? दोनदा झालं ना? दोनदा झाल्यावर काय करायचं, तू सांगितलंच नाहीस कधी. दिपिका, बोल ना!"

दोनदा झाल्यावरही एक उपाय होता. गप्प झालेल्या नायकाला दुसऱ्या नायकानं सामोरं जाऊन आणायचं, मानानं, जसं रुसून उंबऱ्यापर्यंत गेलेल्या बाईला नवरीच्या आईनं स्वतः जाऊन आणायचं असतं. दिपिकाला तो ठाऊक होता. सरही आशेनं तिच्याकडे बघत होते. तिला रडू येत होतं आणि ते येऊ द्यायचं नाही एवढंच तिनं धरून ठेवलं होतं.

"मला काय विचारतोस?" ती म्हणाली. "मला तर हळद लागलीय ना?"

मग पलीकडून कुणीतरी "चला लवकर" म्हणालं, सत्यजीतनं पडद्याकडे वळून हुकूम दिला, आणि हौसा फितली. आठच्या आठ शिपाई लाल झाले आणि पुलावरून मागे वळले. पुढचं सांगण्यात अर्थ नाही. गरज सरली तेव्हा वैद्याला हाकलायचं, आणि पुन्हा पोटात दुखलं की त्याच्याच दारात यायचं, असं किती वेळा चालणार?

घरी आल्यावर आत्यानं ओटीवरूनच विचारलं, "जिंकलात काय गो?"

"नाय," दिपिका म्हणाली. "तू फितलीस." आणि मग तिच्या मांडीत डोकं खुपसून ती जे रडली ते तिन्हीसांज होईपर्यंत. हुंदक्या-हुंदक्यांत तिनं सगळं सांगितलं. हौसानं मधे एकही प्रश्न विचारला नाही, तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

जागा गेली, तशी ती दोन वर्षंही गेली. आनंदांनी पोरीला काही विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. नोकरीचं काय झालं म्हणाले, नाही झालं म्हणाली, बरं म्हणाले. न्हावा शेव्याला बंदरात क्रेनवर असलेल्या एका मुलाचं स्थळ होतं. एप्रिलात पाहुणे येऊन गेले. मुलगा वाईट नव्हता. नाही म्हणायला दिपिकाकडे कारणच उरलं नव्हतं.

त्याच आठवड्यात सत्यजीत बेलपाड्याला आला, पहिल्या पगाराचे पेढे घेऊन. नव्या शर्टाच्या खिशाला पेन होतं. त्याला वाटलं असावं, आता इतके दिवस झाले. किंवा मनाला खात असेल. कुणाच्या मनातलं कुणी सांगावं? दिपिका दारात उभी राहिली, पुढे झाली नाही. आनंदांना यातलं काहीच माहीत नव्हतं, ते आपले मोकळ्या मनानं म्हणाले, "या या! बरं झालं आलात. पोरीचं ठरलं आमच्या. हलदीला यायचं तुमी, मागं आल्तात तसं."

सत्यजीतचा चेहरा उतरला.

हौसा आत्या उठली. पाच गावांत तिच्याइतकं बोलणारी बाई नव्हती. ती रस्त्यातल्या कुत्र्याशीसुद्धा ख्यालीखुशाली बोलायची. तिनं चांगली खुर्ची पुसून पुढे केली. पाण्याचा तांब्या आणला. आत जाऊन तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी ताटात घालून आणली आणि त्याच्यापुढे ठेवली. घरी आलेल्या माणसाचा मान राखायचा तो सगळा राखला, आणि हूं की चूं केलं नाही.

"आत्या, कशा आहात?" त्यानं विचारलं.

तिनं चटणी वाढली.

"आत्या, मी कामाला लागलो."

तिनं आणखी एक भाकरी टाकली आणि समोर बसून राहिली. सत्यजीतचा घास हातातच थांबला. त्याला कळलं. दिपिकानं त्याला ते नीट शिकवलं होतं, आणि तो फार लक्ष देऊन शिकला होता.

त्यानं दाराकडे बघितलं. दिपिकाला वाटलं होतं, असा दिवस आला तर आपल्याला बरं वाटेल. नाही वाटलं. तिला फक्त ते शनिवार आठवले, खाली जिलब्या तळल्याचा वास आणि वर दोघांचं हसणं, आणि ते सगळं त्यानं एका चहाच्या कपात बुडवलं याचं तिला पुन्हा नव्यानं दुःख झालं. तो उठला तेव्हा आत्यानं पेढ्यांचा पुडा उचलून त्याच्या हातात परत दिला, तोही न बोलता. मग ताट घेऊन ती आत गेली आणि दिपिकाच्या हळदीसाठी कोणत्या दोघींना जात्यावर बसवायचं, ते मोठ्यानं ठरवायला लागली.